दोन विड्यांचा फोटो

कुशाबा फोटोवाल्याच्या दुकानात दिवसा मानूस फिरकायचा नाय, आनि दिवेलागन झाली की कुशाबा सोता दुकानात नसायचा. आता असं दुकान चालंल कसं, तूच सांग. पन चाललं होतं. म्हंजे सकाळी फळ्या निघायच्या, संध्याकाळी फळ्या लागायच्या, तेवढंच काय ते चालनं.

म्हाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची गोष्ट ही. महाडच्या पेठेत तवा रस्त्याला मुन्शिपालटीचे रॉकेलचे दिवे होते. खांबावर काचंची पेटी, आत दिवा. उजेड किती, तर खाली उभ्या मानसाला आपलं पाय दिसावं नि समोरच्याचं तोंड दिसू नये, एवढा. त्या दिव्यांपायी कुशाबा खुळा झाला होता.

कुशाबा मूळचा पोलादपूरच्या वरच्या अंगाचा, डोंगरातल्या वाडीचा. बाप येसाजी, नाचनी-वरीची शेती, एकुलता एक पोरगा. पोरगं मिसरूड फुटायच्या आधी मुंबईला गेलं आनि गिरगावात एका फोटोवाल्याकडं झाडू मारायला ऱ्हायलं. झाडू मारता मारता फोटोच्या काचा धुवायला शिकलं, काचा धुता धुता फोटो काढायला. मालकाला मूलबाळ नाय. त्यानं दुकान मोडलं तवा जुना कॅमेरा कुशाबाच्या गळ्यात घातला. लाकडाची पेटी, खाली तीन पायांची घोडी, वर काळं फडकं. तेवढं खांद्यावर घिऊन कुशाबा महाडला आला, पेठेत कमलाकरशेटच्या माडीखाली गाळा घेतला, म्होरं दुकान नि मागं बिऱ्हाड मांडलं, आनि मंग लगीन करून राहीबाईला आनली.

राहीबाईला महाड लय मानवलं. माहेर डोंगरात, सासर डोंगरात, दोन्हीकडं पानी खालच्या झऱ्याचं. हंडा डोक्यावर घिऊन चढ चढायचा, वर येईतो अर्धं पानी अंगावर नि अर्धा जीव हंड्यात. हितं विहीर परसात. चूल तिची एकटीची. भाजीत मीठ जास्ती पडलं तर कोनी बोलनारं नाय, कमी पडलं तरी नाय. कुशाबाला तर जेवताना विचारलं, भाजी कशी झालीया, तर तो म्हनायचा, "कंची भाजी?" तिला एकच घोर होता. दुकान बुडालं की परत डोंगर चढायचा.

आनि दुकान बुडवायचा विडाच नवऱ्यानं उचलला होता. एकदा नवं जोडपं आलं, नवरी शालू नेसून, नवरा टोपी घालून. कुशाबा त्यांना म्हनतो, "आत्ता नको. दिवे लागल्यावर या. त्या खांबाखाली उभं करतो, लय नामी दिसाल." नवरीची आई म्हनाली, "आमची पोर काय खांबाखाली उभी ऱ्हायाची हाय का, मेल्या?" ते गेले, ते गेलेच.

समोर बनुबाई ऱ्हायाची. विधवा बाई, दारात बसून चुरमुरे-फुटाने विकायची. पेठेत कोन कुठं जातंय ते जानाऱ्याच्या आधी तिला ठावं. तिनं एक दिवस राहीबाईला हाक मारली.

"गो राही, तुझा दादला दिवे लागले की जातो कुठं गो?"

"फोटो काढाया."

"काळोखात?"

"काळोखात."

"फडक्याखाली तोंड लपवून बसतो म्हनं."

"बसत असंल."

बनुबाईनं नुसतं "हूं" केलं. त्या एका हूंनं राहीबाईची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी ती डोक्यावरून पदर घिऊन नवऱ्याच्या मागं मागं गेली. बघती तर चांगूच्या हाटेलासमोर घोडी मांडून कुशाबा विडी ओढत बसलेला. समोर बाई नाय, बुवा नाय. समोर डबकं! चांगू कपबश्या धुतलेलं पानी रस्त्यावर टाकायचा, त्याचं डबकं. त्यात खांबावरचा दिवा पडलेला.

"ह्या डबक्यासाठी जेवन टाकून येता व्हय?"

कुशाबा दचकला नाय, उठला पन नाय. "सरक जरा. तुझी सावली पडती."

मंग तिला शेजारी बसवून दाखवाया लागला. "बघ, दिवा वर एक, खाली एक. वरचा गप हाय, खालचा हलतोय. आनि ती चांगूच्या दुकानाची फळी बघ. दिवसा बघवत नाय तिच्याकडं. आता बघ, सोन्याची झालीया."

राहीबाईनं बघितलं. तिला डबकं दिसलं आनि फळीला तेलाचा चिकटा दिसला. "सोन्याची असती तर चांगूनं कवाच इकली असती," म्हनाली.

आतून चांगू ओरडला, "वहिनी, ह्याला घरी न्या! मला रोज सांगतो, पानी आज जरा डावीकडं टाक."

"आनि विडी कशाला लागती?" राहीबाईनं इचारलं.

"विडी हे माझं घड्याळ. दिवसा भिंगाची टोपी काढली की लगीच घालायची. काळोखात भिंगाला सावकाश दिसतं. एक विडी होईतो उघडं ठिवलं तर दिवा येतो. दोन विड्या ठिवलं की रस्ता येतो, भिती येतात."

"आनि मधनं मानूस गेला तर?"

"चालत गेला तर येत नाय. बसला, थांबला, तर येतो. हातात दिवा घिऊन चालत गेला तर दिव्याची रेघ येती, मानूस नाय."

राहीबाईनं इचार केला. "म्हंजे हा तुमचा डबा आमच्या बोळक्या आजासारखा. ताटात पडून ऱ्हाईल ते चघळनार. पुढनं पळालं ते गेलं."

कुशाबाला हे इतकं पटलं की तवापासनं तो कॅमेऱ्याला आजा म्हनायचा. राहीबाईचा संशय फिटला. पन घोर काय फिटला नाय. बाई असती तर झिंज्या धरल्या असत्या. डबक्याचं काय धरायचं?

माघात, बाजाराच्या दिवशी, येसाजी महाडला आला. त्याला यष्टीत बसलं की पोटात ढवळायचं, म्हनून पोलादपुरावरनं पायी यायचा. येताना वाटेत काळोख झाला. डोंगरातली मानसं काळोखाला चूड पेटवतात. बांबूची सुकी कांबटं बांधून केलेली मशालच ती. हलवत ऱ्हायलं तर पेटती ऱ्हाती, आनि वाटेवरचं जनावर बाजूला होतं. येसाजी तशीच चूड हलवत पेठेत शिरला. दिवे लागलेले होते, पन त्यानं काय चूड विझवली नाय. बोळातनं परसदारी आल्यावर राहीबाईच्या बादलीत खुपसली, चर्र करून.

"मामंजी, पेठेत दिवे हायत की!"

"दिवे मुन्शिपालटीचे. सापाला काय ठावं मुन्शिपालटी?"

कुशाबा तवा घरात नव्हताच. कमलाकरशेटच्या माडीच्या खिडकीत आजाला बसवून वरनं पेठेचा फोटो काढत होता. दोन विड्या संपवून, टोपी घालून तो घरी आला, तर बाप पाटावर.

येसाजी वाईट मानूस नव्हता. घाईचा मानूस होता. त्याच्या बुडाखाली जमीन कधी गरम झाली नाय. जेवायचा उकिडवा, झोपायचा कुशीवर, म्हंजे उठायला बरं. घास तोंडात धरूनच तो बोलला, "कुश्या, माझं आता भरत आलं. नांगर धरला की कमरेत कळ येती. एक पाय उंबरठ्याबाहेर हाय. शिमगा झाला की तुम्हा दोघांना न्यायला येतो. हे फोटो-बिटो बंद कर. वाडीतली मानसं मला इचारतात, पोरगा काय करतो, तर मी काय सांगू? काळोखाचं चित्र काढतो?"

राहीबाईनं नवऱ्याकडं बघितलं. काय तरी बोलंल म्हनून. पन बापापुढं कुशाबाचं तोंड भिंगासारखं, टोपी घातलेलं. राहीबाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

आठ दिवसांनी कुशाबानं जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत ती माडीवरनं काढलेली काच धुतली, त्यावरनं कागदावर फोटो उतरवला आनि तसाच वल्ला घिऊन बाहेर आला.

"राही! अगो, ये हिकडं!"

फोटोत सगळी पेठ होती. लागलेल्या फळ्या, ओटे, खांब, बनुबाईच्या दाराची कडी सुद्धा. आनि ह्या टोकापासनं त्या टोकापत्तर रस्त्याच्या मधोमध उजेडाची एक रेघ. वर जाती, खाली येती, मधीच एका जागी गरगर वेटोळं घेती, परत पुढं जाती. मानूस एक नाय. नुसता उजेड नाचत गेल्यासारखा.

"कुनीतरी चूड घिऊन गेलं बघ," कुशाबा म्हनाला. "वरनं मला मुंडासं तेवढं दिसलं. बाजाराला डोंगरातली अर्धी मानसं चूड घिऊनच येतात, कोन ते कोन वळखनार! काय रेघ आलीया! मुंबईत सुद्धा असा फोटो कोनी काढला नसंल."

त्यानं तो दुकानाच्या म्होरल्या काचंच्या कपाटात लावला, दोन लग्नाच्या फोटोंच्या मधी. आनि हितंच घात झाला.

सकाळी बनुबाई दारात आली, काचंपाशी वाकली, आनि जी किंकाळी फोडली ती म्हनं चवदार तळ्यापत्तर ऐकू गेली.

"वेताळाची पालखी गो बाय!"

आता तुला ठावं नसंल. वेताळ गावच्या शिवंचा राखनदार. राती पालखीत बसून शीव फिरायला निघतो. म्होरं मशाली नाचतात. मशाली दिसतात, पन मशाल धरनारा काय दिसत नाय. हे ल्हान पोराला सुद्धा ठावं होतं. आनि कुशाबाच्या काचंत हुबेहूब तेच.

घटकाभरात दुकानासमोर ही गर्दी. कुशाबा सांगतोय, "अवो, चूड हाय ती. कोन तरी डोंगरातला मानूस चालत गेला."

"मानूस कुठाय मंग?" बनुबाई कंबरेवर हात ठिवून.

"चालत होता, म्हनून आला नाय."

"रस्ता आला, खांब आला, माझी कडी आली. आनि एवढा थोरला बाप्या तेवढा नाय आला? कडीपेक्षा बारीक होता का रे तो?"

मानसं हसली. कुशाबा आजाचं, बोळक्या तोंडाचं सांगाया लागला, तर ती आनिकच हसली. पन हसता हसता लोकांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी कपाटापुढं नारळ. तिसऱ्या दिवशी नारळाची रास, उदबत्त्या, गुलाल. कुनी तर कोंबडा बांधून गेलं, तो सकाळी आरवून कुशाबालाच उठवायचा.

कमलाकरशेट माडीवरनं खाली आले. शिकलेला मानूस, बोलनं पुन्यासारखं. "कुशाबा, मी असल्या गोष्टी मानत नाही. पण संध्याकाळी माझ्याकडे गिऱ्हाईक यायचं बंद झालंय. ते चित्र काढा तिथून."

"शेट, तुम्हाला कसा वाटला फोटो? रेघ बघितलीत?"

"बघितली. म्हणूनच म्हणतो, काढा."

जाताना शेटनी कोनी बघत नाय असं बघून काचंपुढं नारळ ठिवला. राहीबाईनं दाराआडनं बघितलं.

फोटो काढाया मातुर कोनी येईना. वेताळ बसलेल्या घरात नवी नवरी कोन आननार? राहीबाई एकीकडं रडायची, एकीकडं नारळ खवायची. देवाचा नारळ टाकायचा कसा? रोज खोबऱ्याची चटनी, खोबऱ्याच्या वड्या, नारळीभात. वेताळानं दुकान बुडवलं, पन तोंडाला चव आनली.

"काढा की अवो तो फोटो," ती म्हनायची. "मामंजी येतील. हे बघितलं तर आजच्या आज नेतील."

"नाय काढनार." कुशाबा कधी नव्हं तो हट्टाला पेटला. "नारळाचं मला काय नाय. पन एकानं, फक्त एकानं जरी म्हनलं असतं की कुश्या, ही आपली रोजची पेठ राती एवढी देखनी दिसती व्हय, तर मी दुकान बंद करून खुशीनं डोंगरात गेलो असतो. सगळी वेताळ बघतात. पेठ कोनीच बघत नाय."

राहीबाई खाली मान घालून नारळ खवाया लागली. कारन तिनं पन कुठं बघितली होती?

शिमगा झाला. राहीबाईनं ट्रंक भरून ठिवली. आनि सांगितल्यापरमानं, ऊन उतरताना, येसाजी आला. दारातली गर्दी, गुलाल, नारळ बघून त्यानं आधी मुंडासं काढलं, काचंपुढं डोकं टेकलं, मंग इचारलं, "कंचा देव?"

राहीबाईनं सगळं सांगितलं. येसाजीनं काचंला नाक लावलं.

"कवाचा म्हनायचा हा फोटो?"

"माघातल्या बाजाराच्या दिवशीचा. तुम्ही आलात त्याच रातीचा."

मंग त्याचं बोट काचंवर फिराया लागलं. रेघंवरनं पुढं पुढं गेलं, आनि त्या वेटोळ्यापाशी थांबलं.

"हितं मला चांगूचं कुत्रं आडवं आलं. मी त्याच्या तोंडापुढं चूड गरगर फिरवली." तो वळला. "कुश्या! अरं, हा मी हाय!"

कुशाबा काचंपाशी वाकला.

"मी हाय म्हनजे, मी कुठं हाय?" येसाजीचा आवाज चढला. "चूड माझी. कांबटं माझ्या बेटातली. ती आली, आनि मी नाय? पोटच्या पोरानं फोटो काढला नि बाप वगळला?"

"बाबा, तू चालत होतास..."

"मंग काय रांगत येऊ?"

पन राग चढला तसा उतरला. येसाजी ओट्यावर बसला, तोंड पडलेलं. "सुनबाय, पान्यात ज्याला आपलं रूप दिसत नाय त्याचं सा महिन्यात खपतं, असं आमची म्हातारी सांगायची. फोटो म्हंजे काय? कागदावरचं पानीच की. माझं भरलंच समज."

कुशाबा आजाचं सांगाया तोंड उघडतोय, तेवढ्यात राहीबाईनं त्याचा पाय आपल्या पायानं दाबला. तिच्या डोक्यात उजेड पडला होता.

"मामंजी, एवढं कशाला मनाला लावून घेता? एकदा बसून बघा. त्याच दिव्याखाली, त्याच रस्त्यावर. येता का नाय ते कळंल. नाय आलात तर उद्या आम्ही आलोच तुमच्याबरूबर, ट्रंक भरलेलीच हाय."

"आनि आलो तर?"

"तवाचं तवा बघू."

दिवे लागले. खांबाखाली चांगूच्या हाटेलाचा ओटा, त्यावर येसाजीला बसवला. पाठ भितीला, काठी गुडघ्यावर, मुंडासं नीट. कुशाबानं घोडी मांडली, फडक्यात डोकं घातलं, बाहेर काढलं.

"बाबा, आता हलायचं नाय. दोन विड्या."

"दोन? एक कर की!"

"एकात नुसता दिवा यील."

"आनि बोललो तर चालंल?"

"तोंड हललं तर तोंडाशिवाय येशील."

येसाजीनं जे तोंड मिटलं! टोपी निघाली, विडी पेटली.

जन्मात पयल्यांदा येसाजी गप बसला. पयली अर्धी विडी त्याला लय जड गेली. मिशीवर डास बसला, डोळे तिरळे करून त्याच्याकडं बघत ऱ्हायला, पन हात काय उचलला नाय. चांगूचं कुत्रं आलं, ह्याला वळखलं, गुरगुरलं. ह्यानं हूं का चूं केलं नाय, तसं ते वरमलं आनि त्याच्या पायाशीच लवंडलं.

राहीबाई समोर दाराच्या चौकटीला धरून उभी. तिला वाटलं आपन हललो तरी काय तरी बिघडंल, म्हनून ती पन गप. हाताला काम नाय, तोंडाला बोलनं नाय, मंग डोळे करतील काय? बघतच ऱ्हायले. दिव्याचा पिवळा उजेड म्हाताऱ्याच्या मुंडाशावरनं खाली उतरला होता, साय ओतल्यासारखा. चांगूच्या डबक्यात दुसरा दिवा हलत होता. फळ्यांच्या सावल्या रस्त्यावर लांब पडल्या होत्या, पाट वाळत घातल्यासारख्या. ही तीच पेठ, जिथं ती रोज पान्याला, मिठाला जायची. राहीबाईला आपल्या मनातच लाजल्यासारखं झालं. डबकं म्हनलो आपन ह्याला.

कुशाबानं दुसरी विडी पेटवली.

आनि तेवढ्यात बनुबाई निघाली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात तिचा पोचका तांब्या पान्यानं भरलेला. वेताळाला नारळ ठिवून येऊ म्हनून खाली मान घालून रस्ता ओलांडत होती. खांबाखाली आली नि मान वर केली. बघती तर ओट्यावर मुंडाशेवाला म्हातारा. काठी गुडघ्यावर, मिशा ताठ, डोळे वटारलेले, पापनी लवत नाय. पायाशी काळं कुत्रं.

"दे... दे... देवा," बनुबाई म्हनाली. "तुम्ही सोता आलात?"

येसाजी काय बोलनार? तोंड हललं की तोंड गेलं.

"माझं काय चुकलं का, म्हाराजा?"

म्हातारा गप. नुसता बघतोय. आतल्या आत हसू दाबून त्याच्या डोळ्यांत पानी आलेलं, ते दिव्यात चकाकाया लागलं.

"मी त्या कमलाकरशेटच्या सुनंबद्दल बोलली, ते खोटं होतं गो माय! आनि फुटान्यात खडे... ते मी नाय घातले, ते गोनीतच असतात!"

तरी म्हातारा गप. मातुर कुत्र्यानं जांभई दिली. झालं! बनुबाईच्या हातातला नारळ सुटला, तांब्या सुटला, आनि ती लुगडं गुडघ्यापत्तर धरून जी पळाली, ती थेट विरेश्वराच्या देवळाकडं. तांब्या खणखण करत घरंगळला, येसाजीच्या पायापाशी येऊन थांबला. नारळ त्याच्याशेजारी. येसाजी हलला नाय. वाडीत एवढा मोठा मर्द झाला नाय.

दारात राहीबाई पदर तोंडात कोंबून उभी. कुशाबाच्या हातातली विडी हसन्यानं थरथरत होती. पन पुरी ओढली त्यानं, मंग टोपी घातली.

"झालं, बाबा."

येसाजी उठला नाय.

"बाबा, झालं. उठ आता."

"अरं थांब की जरा," येसाजी म्हनाला. आनि बसूनच ऱ्हायला. "ह्या कुत्र्याचं पोट बघ, दिव्यात कसं खाली-वर होतंय, भात्यासारखं. आनि तो डबक्यातला दिवा. हा रोज असतो का रे?"

"चांगूनं पानी डावीकडं टाकलं तर असतो."

"हां," येसाजी म्हनाला. "मी आपला चूड हलवत निघून गेलो."

कुशाबा बापाशेजारी ओट्यावर बसला. दोघं बापलेक लय वेळ रस्त्याकडं बघत ऱ्हायले. राहीबाई जेवाया हाक मारनार होती. नाय मारली.

राती येसाजीचा डोळा लागला नाय. फोटोत आलो का नाय? जिन्याखालच्या दाराशीच घोंगडं टाकून पडला. आत कुशाबा काच धुतोय नि हा बाहेरनं इचारतोय, "आलो का?" "अजून नाय." "आता?" "मुंडासं आलंय." "नुसतं मुंडासं? खाली कोन हाय का?"

सकाळी फोटो हातात आला. येसाजी होता! मिशीचा केस न् केस. कुत्रं होतं. रस्ता, दिवा, डबकं. आनि म्होरं रस्त्यावर नारळ नि पोचका तांब्या. बनुबाई मातुर कुठंच नाय.

बनुबाईला बोलावलं. ती देवळातनं पुजाऱ्याला मधी घालूनच आली. फोटो बघितला, म्हाताऱ्याला बघितलं, परत फोटो.

"माझा तांब्या हा!"

"हाय की," राहीबाई म्हनाली.

"आनि मी गो? मी तिथं उभी होती ना!"

"तू पळालीस, मावशी. तांब्या नाय पळाला."

बनुबाईच्या डोक्यात उतराया वेळ लागला. पन उतरलं तसं तिनंच पेठेत घरोघरी जाऊन सांगितलं. मानूस पळाला तर फोटोत येत नाय, तांब्या येतो. देवाशप्पथ, मी सोता आली नाय! जे कुशाबाला महिनाभर सांगता आलं नाय ते बनुबाईनं दुपारपत्तर सगळ्या महाडाला पटवलं. नारळ बंद झाले. राहीबाईला जरा वाईटच वाटलं.

येसाजी मातुर ओट्यावर फोटो घिऊन बसलेला, उलटा-सुलटा करून बघत.

"हाय मी," तो म्हनाला.

"हाय की, मामंजी."

"चांगला दिसतोय."

"मंग!"

"म्हंजे मी काय इतक्यात मरत नाय."

"तशी काय लक्षनं नायत," राहीबाई म्हनाली.

येसाजीनं मुंडासं बांधलं. "मंग ह्याला नेऊन मी करू काय? नांगर माझा मी धरतो. ह्याला नांगराला लावला तर हा नांगरल्या तासात मधीच उभा ऱ्हाऊन मातीकडं बघत बसंल. बैल उपाशी मरतील." तो कुशाबाकडं वळला. "वाडीत इचारलं तर मी सांगीन, पोरगा पेठेत दिवे बघायला हाय. मुन्शिपालटीचे हायत, बघायला कोन तरी पायजेच."

राहीबाई तवर आत गेली होती नि ट्रंकेतली भांडी फळीवर मांडत होती, मुद्दाम वाजवून.

येसाजीनं तो फोटो वाडीत नेला, घरोघरी फिरवला. त्याचा परिनाम काय झाला, तर पुढच्या माघापासनं डोंगरातले म्हातारे एकेक करून महाडला उतराया लागले. काठी टेकत यायचे नि कुशाबाला म्हनायचे, "येसाजीसारखं बघ रे आमचं, येतोय का नाय अजून." कुशाबा त्यांना चांगूच्या ओट्यावर बसवायचा, दोन विड्या पेटवायचा. फोटोत आलं की म्हातारं खुश होऊन घरी जायाचं, आनि वाडीतल्या आनिक दोघांना धाडायचं. दुकान असं चाललं की कुशाबाला दिवसा झोपाया लागायचं.

राहीबाईला एवढंच कळायचं नाय की फोटोत म्हातारा नेहमी कडंला का बसलेला असतो, आनि मधी सगळा रस्ता, दिवे नि डबकं का. एकदा तिनं इचारलं.

"त्यांना वाटतं, त्यांचा फोटो काढतो," कुशाबा म्हनाला. "वाटू दे की."